खानाच्या घोड्यांना पाणी कुठलं?

धुळानाना वाचायला यायचे तेव्हा त्यांच्या डाव्या हातात घोडीचा दोर असायचा. घोडी बाहेर, नाना आत आणि दोर खिडकीच्या गजांमधून. वाचनालयासमोर कडुनिंब होता. गावात आलेला प्रत्येक जण आपलं जनावर त्याच्या बुंध्याला बांधायचा, पण नानांचा त्या झाडावरही विश्वास नव्हता. दार दिसेल अशा बेतानं ते भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसत, पुस्तक मांडीवर घेत आणि चार ओळी झाल्या की एकदा दाराकडे, एकदा दोराकडे बघत. घोडीनं मान झटकली की त्यांचा हात ओढला जायचा आणि ओळ हरवायची. मग ते पान पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. वैतागले आहेत असं कधी दिसलं नाही.

मी तेव्हा नगर जिल्ह्यात बेलापूरच्या अलीकडे, कालव्याच्या पट्ट्यातल्या एका गावी हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवत होतो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. यातली काही माणसं अजून आहेत आणि त्यांची मुलं वाचणारी निघाली आहेत. पुण्याहून आलेला चोवीस वर्षांचा बिनलग्नाचा मास्तर म्हणजे गावाला फुकटचा ग्रंथपाल. चावडीला लागून एक खोली, तिच्यात दोन कपाटं, त्याला वाचनालय म्हणायचं आणि शनिवारी-रविवारी मी ते उघडायचं. कुणा वकिलाच्या माघारी त्याच्या घरच्यांनी एक पेटी भरून पुस्तकं देऊन टाकली होती. त्या पेटीत मंगोलांच्या स्वाऱ्यांवरची दोन पुस्तकं होती. एक जुनं मराठी, पुठ्ठा सुटलेलं. दुसरं जाडजूड इंग्रजी, आत घडीचे नकाशे. त्यांना कुणी हात लावलेला नव्हता, मीसुद्धा नाही.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, साठीच्या घरातला एक धनगर दारात उभा राहिला. आत न येता त्यानं विचारलं, "चंगीझखानाचं काय हाय का?"

मला वाटलं, शाळेतल्या कुणीतरी माझी फिरकी घ्यायला याला पढवून पाठवलंय. मी उठून दाराबाहेर डोकावलो, कोण हसतंय ते बघायला. बाहेर नुसती घोडी होती. मी परत वळलो तर तो मनुष्यही माझ्या मागे डोकावून बघत होता, की हा मास्तर कुणाला खुणावतोय. अशी आमची ओळख झाली.

वाचनालयाच्या वहीत त्यांनी नाव लिहिलं नाही. "नाव दिलं की मानूस सापडतो," म्हणाले. त्यांचं नाव धुळाबा आणि त्यांना सगळे नाना म्हणतात हे मला चौकशी करून कळलं. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा आणि बिऱ्हाडाचा तळ, ओढ्याच्या पलीकडे पडला होता. घर पारनेरच्या माळावर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कालव्याकडे उतरायचं, शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी रान खतायचं, बदल्यात धान्य घ्यायचं आणि उन्हाळा सरला की परत फिरायचं, हा त्यांचा वर्षाचा रिवाज. पुस्तक घरी न्या म्हटलं तर नको. "उंद्या पान फाटलं तर आदी माजं नाव. हितंच वाचतो, तुमच्या डोळ्यांम्होरं." चहा मागवला तर आधी मी प्यायचा, मग ते. माणसं ताक फुंकून पितात, नाना ओढ्याचं पाणीसुद्धा फुंकून पीत.

त्यांना वाचता कसं येतं, हे त्यांनी सहाव्या की सातव्या रविवारी सांगितलं. तेही अर्धंच. दुसऱ्या महायुद्धात ते खेचरांच्या पलटणीत भरती झाले होते. तिथं रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकले. पलटण बसऱ्याहून पुढं इराणात गेली. तिथं एका माळावर त्यांना मातीचं मोठं टेकाड दिसलं, आणि त्याच्या पायथ्याशी कोरडा पाट. मैलच्या मैल पाट आणि काठाला एक झाड नाही. जवळ मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी खुणेनं विचारलं, हे काय? तो म्हातारा "चंगीझ" एवढंच म्हणाला आणि थुंकला.

"मला तवाच शंका आली," नाना म्हणाले. "सातशे वर्सं झाली म्हनत्यात, आन ह्यो आजून थुकतोय. येवढा राग आपला आपला ऱ्हात न्हाई मास्तर. कुनीतरी रोजच्या रोज पाजत असनार."

तर हे पाजणारे कोण, हे शोधायला नाना पुस्तकांकडे आले होते. मराठी पुस्तक ते स्वतः वाचत. इंग्रजी मी वाचून मराठीत सांगायचो. मी वाचायला लागलो की त्यांचा उजवा हात वर व्हायचा, आणि तो वर झाला की थांबायचं. "लिवनारा कुठं हुबा हुता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तटाच्या आत, की बाहेर? शहर पडलं तेव्हा तो तिथं होता, की पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी दरबारात बसून लिहीत होता? मला माहीत नसायचं. पदवी परीक्षेत इतिहासाला मला चांगले गुण होते आणि हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी प्रस्तावना चाळायचो, तळटिपा बघायचो आणि सापडेल ते सांगायचो.

आकडा आला की मग तर वाचन अर्धा तास बंद. एका स्वारीत लाखांच्या वर घोडी होती असं वाचलं तेव्हा नानांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि उलटं करून बघितलं, काही तरी खाली पडेल म्हणून. "लाख घोडी? आन पानी कुठं पाजलं? माजी एक घोडी उनाची दोन घागरी पिती. नदी असली तरी पयली घोडी पिऊन गेली की मागच्यांना चिखूल. हितं नदीचं नाव दिलंय का? न्हाई ना? मंग लिवनाऱ्यानं घोडीबी बघितली न्हाई आन नदीबी न्हाई." मग पुस्तक परत देत, "आकडा दोन मानसं सांगत्यात मास्तर. एक भ्यालेला, दुसरा भेवडवनारा. मोजनारा कवा सांगतच न्हाई, त्याला येळ नसतो."

मला वाटलं होतं, हा मेंढपाळ माणूस, मेंढपाळांनी जग जिंकलं म्हणून त्याला आतून गुदगुल्या होत असणार. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. नाना चिडले. "त्यांनी पाट फोडले. तुमीच वाचलं न्हवं का? ज्यानं पान्याचा पाट फोडला त्यो मेंढक्या न्हवं, त्यो कुनीच न्हवं. मला खानाचं कौतुक न्हाई. मला येवढंच बघायचंय, की त्याच्या नावावर दुसऱ्यांनी काय काय घातलंय." खानाच्या बाजूनं लिहिलेलं काही असेल तर तेही त्यांना हवं होतं, आणि त्याच्यावरही त्यांचा विश्वास आधीच नव्हता.

गावाला हे सगळं फार खटकत होतं. नुकतंच युद्ध झालेलं. नगरला लष्कर. एक धनगर खिडकीत घोडी धरून परमुलखाचे नकाशे बघतो म्हणजे काय? हॉटेलात कुणी म्हणे, हा लष्कराचा माणूस आहे. कुणी म्हणे, लष्कराच्या मागावरचा. मला दोघांनी वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, त्यो नेमकं काय इचारतो?" मी खरं ते सांगितलं, घोड्यांना पाणी कुठलं ते विचारतो. त्यानंतर ते माझ्याकडेही जरा जपूनच बघायला लागले.

आणि खरं सांगायचं तर तेवढ्या दिवसांत माझ्याही मनात काही तरी मुरत होतं. रात्री खोलीवर मी पुढची पानं वाचून ठेवायचो. घोडेस्वारांच्या झुंडी, तुडवलेली शेतं, जाळलेली गावं. लिहिणारे सगळे तटाच्या आतले, हे नानांनीच मला शिकवलं होतं, तरी वाचताना मी तटाच्या आतच असायचो. माझं सगळं आयुष्य भिंतींच्या आत गेलेलं. सकाळी ओढ्यापलीकडून मेंढरांची धूळ उठली की मी उगीचच खिडकी लावून घ्यायचो.

पुढच्या साली पाऊस आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ काय होता ते आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. नाना त्या वर्षी दिवाळीची वाट न बघता लवकर उतरले, कारण माळावर प्यायलाच पाणी नव्हतं. कालवा आटला होता. गावात पाणी फक्त दोन विहिरींना, एक गावची आणि एक रंगनाथ पाटलांच्या मळ्यातली. पाटील म्हणजे गावचे कर्ते गृहस्थ, आमच्या शाळेच्या कमिटीवरही तेच. त्यांनी नानांची मेंढरं पाच रात्री आपल्या रानात बसवून घेतली, मग त्या रानात जनावरांच्या चाऱ्यासाठी घास पेरला आणि विहिरीच्या पाण्यावर जगवला. गावच्या विहिरीवर मेंढरांना दिवसातून एकदा पाणी मिळायचं. तेवढ्यावर नानांचा वाडा उभा होता. कोकरं नुकतीच झालेली होती. पुढच्या पाण्यापर्यंत दोन दिवसांची चाल होती आणि ती कोकरांना झेपणारी नव्हती.

माघात एके सकाळी पाटलांचा गडी मला शाळेच्या वाटेवर बोलवायला आला. मळ्यात दहा-बारा माणसं जमली होती. बांधाकडेचे घासाचे तीन वाफे बुडापासून गेलेले. पाटील म्हणाले, "बघा मास्तर. लेंड्या पडल्यात बांधाला. आजून काय पुरावा पायजे?" ग्रामसेवक दुष्काळी कामांच्या मोजणीला गेला होता, तेव्हा पंचनामा मीच लिहायचा. लेंड्या होत्या. मला बांधावरून दिसत होत्या. मेंढरं किती असतील? एक जण म्हणाला, शंभर तरी. दुसरा म्हणाला, दोनशे धरा. मी लिहिलं, "सुमारे दोनशे मेंढ्यांनी घासाचे उभे पीक फस्त करून शेत उजाड केले." तीन वाफ्यांचं मी शेत केलं. वाक्य झकास जमलं असंही मला वाटलं. तसली वाक्यं मी वर्षभर वाचत होतो.

चावडीत नानांना बोलावून पंचनामा वाचून दाखवला आणि अंगठ्यासाठी शाई पुढं केली. नाना म्हणाले, "मला वाचू द्या." भिंतीला टेकून त्यांनी बोट फिरवत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दोनशेवर बोट थांबलं.

"मास्तर, मेंढरं बासट हायती. कोकरं धरून. दोनशे कुनी मोजली?"

मी पंचांकडे बघितलं.

"तुमी कवा गेल्ता मळ्यात?"

"सकाळी."

"कुठं हुबं ऱ्हायला हुता?"

"बांधावर."

"लेंडी हातात घेतली व्हती का? फोडून बघितली? ताजी आसंल तर आतून हिरवी, वली. जुनी आसंल तर भुगा. चला, माज्यासंगं चला. ताजी निघाली तर मी आंगठा न्हवं, सही करतो."

पाटील म्हणाले, "लेंड्या फोडत बसाया मास्तर काय धनगर हाय व्हय?" सगळी चावडी हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटत राहावी अशीच माझी इच्छा आहे.

नानांनी सही केली नाही. पंचांनी ठरवलं, विहिरीवर मेंढरं आणायची नाहीत. नाना कुणाशी भांडले नाहीत. दुपारच्या आत वाडा उठला. घोड्यांवर बिऱ्हाड, पाठीवरच्या घोंगडीच्या खोळीत कोकरं, आणि सगळे गोदावरीच्या दिशेनं निघाले. नानांची सून पाठमोरी रडत होती. शाळेच्या खिडकीतून हे बघत मी वर्गाला भारताच्या नद्या सांगत होतो.

रविवारी मी एकटाच मळ्यात गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही, झोप येत नव्हती एवढं खरं. बांधावर वाकलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मेंढीची लेंडी हातात घेतली. फोडली. भुगा. दुसरी फोडली, तिसरी फोडली, दहा-बारा फोडल्या. सगळा भुगा. पाटलांनी स्वतः बोलावून बसवलेल्या मेंढरांच्या त्या लेंड्या होत्या, त्यांच्याच रानाला खत म्हणून पडलेल्या. वाफ्यात उतरलो तर घासाचे बुडखे सगळे एका उंचीचे आणि तिरपे. मेंढरू तोडतं, ओढतं, अर्धं सोडतं. हे विळ्याचं काम होतं. त्या साली चाऱ्यासाठी कोण काय करत नव्हतं? कुणी कापला ते मला आजही ठाऊक नाही. संशय आहे. पण संशयावर माझं एकदा लिहून झालेलं आहे.

मी पाटलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, कागदावर सही तुमची हाय. आता त्यो खोटा म्हनलं तर खोटं कोन ठरंल?" माझी नोकरी कायम व्हायची होती. मी दोन महिने तोंडाला कुलूप घातलं.

मेमध्ये सुट्टी लागल्यावर मी पारनेरच्या माळावर विचारत विचारत गेलो. नानांनी मला लांबूनच ओळखलं, आणि आधी माझ्या मागून आणखी कोण येतंय ते बघून घेतलं. मेंढरं वीस-बावीस उरली होती, तेवढ्यांना दुष्काळी टँकरचं पाणी पुरतं म्हणून वाडा उन्हाळ्यातच माळावर परतला होता. कोकरू एकही नव्हतं. मी काही विचारलं नाही. खिशातून कागद काढून दिला. त्यात सगळं लिहिलं होतं, काय पाहिलं, काय न पाहता लिहिलं, मेंढरं किती, वाफे किती.

नानांनी दोनदा वाचला. "चांगलं लिवलंय," म्हणाले. "ह्ये कुनी कुनी वाचलं?"

"तुम्हीच पहिले, नाना."

"मंग मला कशाला दावता? मला ठाव हाय माजी मेंढरं किती हुती. ज्यांना ठाव न्हाई त्यांच्यात निऊन वाचा." कागद त्यांनी परत माझ्या हातात दिला. मी रडलो. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग विचारलं, "खानाच्या बाजूच्या कुनी लिवलेलं गावलं का?"

मी म्हटलं, त्यांच्यातल्याच लोकांनी लिहिलेलं एक आहे म्हणतात, माझ्या पाहण्यात नाही.

"गावलं तर तेबी फोडून बघा. आपल्याच मानसानं लिवलेलं तर जास्तच."

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी तो कागद चावडीत उभा राहून वाचला. कुणी हसलं नाही, कुणी भांडलंही नाही. पाटील म्हणाले, "बरं, ठिवून द्या." पंचनाम्याला जोडा म्हटलं, तर पंचनामा तालुक्याला गेला होता. माझा सुटा कागद चावडीच्या फळीवर राहिला. नोकरी काही कायम झाली नाही, पुढच्या वर्षी मी पुण्याला परतलो. नाना मला पुन्हा भेटले नाहीत. ते वारल्याचं मला पुण्याला आल्यावर तीन वर्षांनी, राजूरच्या बाजारात घोंगड्या विकणाऱ्या त्यांच्या एका नातेवाइकाकडून कळलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ओळखीपाळखी काढून मी तालुक्याच्या दप्तरात जाऊन आलो. लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यात पंचनामा मिळाला. सुमारे दोनशे मेंढ्या, उभे पीक, शेत उजाड. माझं अक्षर वळणदार आहे, शाई शाबूत आहे, वाचणाऱ्याला शंका येईल असं त्यात काहीही नाही. माझा दुसरा कागद त्याच्यासोबत नव्हता. खाली पंचांच्या सह्या होत्या, माझी सही होती, आणि नानांच्या सहीची जागा मोकळी होती. त्या मोकळ्या जागेशेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं लिहिलेलं होतं, "सदर इसम निरक्षर."

मी पेन काढलं. कारकून म्हणाला, "साहेब, जुन्या कागदावर लिहायची परवानगी नाही."

म्हणून इथं लिहून ठेवतो. धुळानानांना वाचता येत होतं.